टेबलाखालची वीट

१९७६ साल. मी सोळा वर्षांचा होतो आणि आजीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं काम माझ्यावर आलं होतं. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद. शहागंजाजवळच्या आमच्या बोळातून टांगा निघाला तेव्हा आजी पुढच्या दांडीला घट्ट धरून बसली होती. बहात्तरच्या दुष्काळात तिने सरकारी कामावर खडी फोडली होती. तेव्हा पाठ वाकली ती वाकलीच. चालताना तिला पायाखालचा रस्ता दिसायचा, समोरचा माणूस दिसायचा नाही. त्यात आता दोन्ही डोळ्यांत मोती उतरला होता, त्यामुळे रस्ताही दिसेनासा झाला होता.

दवाखान्यात एका लोखंडी टेबलावर ‘हनुवटी ठेवायचं मशीन’ होतं. आमच्याकडे लोक त्याला आजही असंच म्हणतात. स्लिट लॅम्प हे त्याचं नाव मला पुढे कळलं. डॉक्टर म्हणाले, “आजी, हनुवटी इथं ठेवा आणि कपाळ या पट्टीला लावा.” आजीने हनुवटी ठेवली की कपाळ सुटायचं, कपाळ लावलं की हनुवटी निसटायची. मान वर होईना. मी मागून खांदे धरले, जरा दाबून पाहिलं. ती कळवळली. “लई ओढ बसायलीय रे बाबा मानंला,” म्हणाली.

डॉक्टरांनी मला हात सोडायला सांगितलं आणि कंपाउंडरकडे बघितलं. तो काही न बोलता मागच्या अंगणात गेला आणि दोन विटा घेऊन आला. आमच्या बाजूचे टेबलाचे दोन्ही पाय त्याने उचलून विटांवर ठेवले, आजीच्या स्टुलावर घडी घातलेली सतरंजी सरकवली. टेबल डॉक्टरांच्या बाजूला कललं, तसं रुळांवरचं यंत्र त्यांच्या अंगावर घसरू लागलं. कंपाउंडरने ते दोन्ही हातांनी धरलं. डॉक्टरांनी आपलं स्टूल बाजूला सारलं आणि फरशीवर गुडघे टेकले. आता ते खालून वर बघत होते, आजी वरून खाली. हनुवटी आणि कपाळ, दोन्ही एकदम टेकलं.

आजीची मान जशी होती तशीच राहिली. टेबल वाकलं, यंत्र वाकलं, डॉक्टर वाकले. पुढे घाटी या सरकारी रुग्णालयात तिची शस्त्रक्रिया झाली, जाड भिंगाचा चष्मा आला आणि तिने पहिल्यांदा माझ्या ओठांवरची मिसरूड पाहिली. त्या आनंदातही माझ्या डोक्यातून त्या दोन विटा गेल्या नाहीत. नंतरची चाळीसहून जास्त वर्षं मी डोळे तपासायच्या यंत्रांचे स्टँड आणि टेबलं बनवली. त्या सगळ्या कामाची सुरुवात त्या विटांपासून झाली, असं मी मानतो.

*

त्या काळी घरात वस्तू ठेवायच्या वस्तू किती होत्या! पाण्याच्या हंड्यांसाठी घडवंची, ताटाखाली चौरंग, बसायला पाट, दिव्यासाठी ठाणवई. आमच्या बोळात मागाचे कारागीर राहायचे. त्यांच्या घरी कुराण ठेवायची रेहल होती. दोन फळ्या एकमेकींत अडकवलेल्या, उघडली की पुस्तकाला कुशीत घेणारी, मिटली की भिंतीला टेकून उभी राहणारी. आमच्या घरी पोथीलाही तशीच होती. लहानपणी मला ती जादूच वाटायची, कारण नीट केलेली रेहल एकाच लाकडातून कापलेली असते. त्यात खिळा नाही, बिजागरी नाही.

आणि तिवई. तीन पायांची तिवई कधी डुगडुगत नाही. चार पायांचं टेबल खडबडीत फरशीवर एक पाय उचलून उभं राहतं, तिवई मात्र जशी जमीन असेल तशी बसते. तीन बिंदू नेहमीच एका पातळीत येतात, हे भूमितीचं कारण मला आयटीआयमध्ये फिटरचं शिक्षण घेताना कळलं. आमच्या घरातल्या बायकांना ते कारण माहीत नव्हतं. पण शेणाने सारवलेल्या ओट्यावर काय डुगडुगणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांचं वर्कशॉप म्हणजे एक वेल्डिंगचं मशीन, एक हातड्रिल, एक व्हाइस आणि पत्र्याच्या पेट्यांचा ढीग. शेजारी चाचांचा लेथ. त्यांना सगळे खरादवाले चाचा म्हणायचे. माप ते सुतात सांगायचे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. “दो सूत कम कर,” म्हणाले की दादा पाव इंच काढायचे. खाट, खिडकीची जाळी, बैलगाडीची धाव, सगळं सुतात बसायचं. डोळ्यांच्या यंत्राचं टेबल मात्र सुतात बसत नाही, हा धडा आम्हाला पहिल्याच कामात मिळाला.

१९७९ मध्ये एका डॉक्टरांनी उंची कमी-जास्त होणारं टेबल मागितलं. बाहेरून मागवणं त्यांना परवडणारं नव्हतं. मी शिलाई मशीनचा जुना बिडाचा पाया आणला, त्यावर पाइपात पाइप बसवला. आतल्या पाइपाला दातेरी पट्टी, बाहेर एक चाक, आणि हव्या त्या उंचीवर आवळायला एक बोल्ट. राखाडी हॅमरटोन रंग दिला. त्या काळी दवाखान्यातली प्रत्येक लोखंडी वस्तू हॅमरटोनचीच असायची. टेबल देखणं दिसत होतं.

पंधरा दिवसांनी बोल्ट ढिला पडला आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांची हनुवटी टेकलेली असताना वरची फळी चार बोटं खाली घसरली. इजा झाली नाही. पण त्यांच्या चेहऱ्यावरची भीती डॉक्टरांनी मला सांगितली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. ज्याला दिसत नाही, त्याने विश्वासाने चेहरा टेकवला होता, आणि तो ज्या वस्तूवर टेकवला होता ती माझ्या हातची होती.

मी ते टेबल परत आणलं. चाचांनी ते उलटं करून पाहिलं, चाक फिरवलं, कान लावला. “मशीन बोलती बेटा, सुनना पड़ता,” म्हणाले. मग त्यांनी लेथवर चौकोनी आट्यांचा स्क्रू कापला आणि त्यासाठी गनमेटलचं नट केलं. स्क्रूच्या आट्यांचा उतार पुरेसा कमी असला की वरचं वजन कितीही दाबलं तरी स्क्रू आपोआप उलटा फिरत नाही. गाडी उचलायचा जॅक याच तत्त्वावर उभा असतो. बोल्ट आवळायला विसरलं तरी टेबल जागेवर राहतं. त्यानंतर माणसाचं डोकं टेकणाऱ्या कोणत्याही स्टँडमध्ये मी नुसत्या बोल्टवर भरवसा ठेवला नाही.

*

त्याच वर्षी डॉक्टरांनी मला स्लिट लॅम्पमधून बघायला दिलं. प्रकाशाची एक उभी, पातळ पट्टी डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावर तिरकी पडते आणि सूक्ष्मदर्शकातून तो पडदा कापल्यासारखा दिसतो. बाहुलीच्या मागचं भिंग दिसतं, त्यात साकळलेला मोतीबिंदू दिसतो. स्वीडनच्या अल्वार गुलस्ट्रँड यांनी हा दिवा १९११ मध्ये लोकांपुढे आणला, आणि त्याच वर्षी त्यांना डोळ्यातल्या प्रकाशाच्या वक्रीभवनावरच्या कामासाठी नोबेल मिळालं. पुढे १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये हान्स गोल्डमन यांनी दिवा आणि सूक्ष्मदर्शक एकाच आसाभोवती फिरतील, एकाच सरकत्या पाटावर बसतील अशी रचना पुढे नेली. आज डॉक्टर एका हाताने दांडा हलवतात आणि यंत्र मागे-पुढे, डावी-उजवीकडे जातं, ते या घराण्याचं देणं आहे.

पण या सगळ्या अचूकपणाची एक अट असते. रोग्याचा डोळा यंत्राच्या त्या आसावर असला पाहिजे. एखादा मिलिमीटर सरकला तरी चित्र पुसट होतं. हनुवटीची पट्टी वर-खाली होते, पण थोडीच. कपाळपट्टीच्या खांबावर एक बारीक रेघ असते, डोळ्याचा बाहेरचा कोपरा तिच्या समोर यावा लागतो. बाकी सगळी उंची स्टूल आणि टेबलाने सांभाळायची. म्हणजे लाखाचं यंत्र नीट चालायचं की नाही, हे त्याच्याखालचं लोखंड ठरवतं.

हे समजल्यावर मी सूत सोडलं आणि डायल गेज घेतला. दोन पाइपांमध्ये किती ढिलेपणा आहे, फळीच्या टोकाला ढकललं तर ती किती हलते, हे मिलिमीटरच्या शतांशांत मोजू लागलो. चाचांना आधी ते पटलं नाही. एका दुपारी मी त्यांना दवाखान्यात नेलं, यंत्रामागे बसवलं आणि टेबलाला हलकं बोट लावलं. त्यांना समोरचा डोळा नाचताना दिसला. परत येताना ते गप्प होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळे बुश पुन्हा कापले.

त्यानंतर शिबिरं आली. १९७६ मध्ये अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला होता आणि गावोगाव डोळ्यांची शिबिरं भरत होती. शाळेच्या खोल्या, मंदिराचे सभामंडप, धर्मशाळा. यंत्रं लाकडी पेट्यांत भुशात घालून एसटीच्या टपावरून जायची. टेबल कुठून आणायचं? मास्तरांचं टेबल उंच, मुलांचा बाक बुटका. बाकावर बाक चढवायचे, खाली पाट सरकवायचे, पोत्यात वाळू भरून पाय दाबायचे. कुणाचा आजोबा शेतातून थेट आलेला, डोक्यावर फेटा. फेटा कपाळपट्टीला अडायचा आणि तो उतरवताना आजोबा संकोचायचा. शिबिरातली बाई त्याच्या डोक्यावर धुतलेलं पांढरं फडकं टाकायची. यंत्राशी जुळवून घेताना माणसाची अब्रू राखायची, हे मी तिच्याकडून शिकलो.

त्या शिबिरांसाठी मी घडीचा स्टँड केला तेव्हा रेहल आठवली. दोन चौकटी मधोमध एका खिळीवर, उघडल्या की फुली, मिटल्या की सपाट. वरच्या टोकांतलं अंतर कमी केलं की उंची वाढते, वाढवलं की उतरते. मोटारीचा कात्रीजॅकही असाच रुंदी कमी करून उंची वाढवतो. फरक इतकाच, की रेहलीवर पुस्तक असतं आणि माझ्या स्टँडवर दहा-पंधरा किलोचं यंत्र येणार होतं. फुली जितकी आडवी होते तितका मधल्या खिळीवर आणि स्क्रूवर ताण वाढतो, म्हणून अगदी खालच्या उंचीला मी एक आडवा टेकू दिला. मातीच्या जमिनीत पाय रुतू नयेत म्हणून प्रत्येक पायाखाली तव्यासारखी चकती लावली. तो स्टँड बरीच वर्षं एसटीच्या टपावरून मराठवाडाभर फिरला.

*

मग शहर बदललं. चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत आधीच होती. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला आला आणि भोवती सुटे भाग करणाऱ्यांची गर्दी झाली. आधी एखादी अचूक दांडी हवी तर मुंबई-पुण्याला चिठ्ठी लिहावी लागायची. आता ग्राइंडिंग, क्रोम प्लेटिंग, पावडर कोटिंग, सगळं सायकलच्या अंतरावर. स्कूटरच्या शॉकॲब्सॉर्बरच्या दांड्यांसाठी जी सफाई लागत होती, तीच माझ्या टेबलाच्या खांबाला लागत होती. रात्रपाळीत मशीन मोकळं असलं की ओळखीचे फोरमन माझे दहा-वीस खांब घासून द्यायचे. हॅमरटोन गेला, पांढरं पावडर कोटिंग आलं. सुताची जागा मायक्रोमीटरने घेतली.

डोळ्यांच्या उपचारातही तितकाच मोठा बदल होत होता. आजीच्या वेळी मोतीबिंदू काढला की डोळ्यात भिंग उरायचं नाही, त्याची भरपाई नाकावरच्या जाड चष्म्याने करायची. हॅरल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये लंडनमध्ये डोळ्याच्या आत कृत्रिम भिंग बसवलं होतं, पण ते आपल्या गरीब माणसापर्यंत यायला चार दशकं लागली. मदुराईच्या अरविंद नेत्रालयाने १९९२ मध्ये ऑरोलॅब सुरू केली आणि भिंगं स्वस्त झाली. त्याच दशकात जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मोतीबिंदूचा प्रकल्प चालला, त्यात महाराष्ट्र होता. शस्त्रक्रिया शाळेच्या खोलीतून दवाखान्यात आली.

आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढायचा तर डोळ्याची लांबी आणि समोरच्या पडद्याचा बाक मोजावा लागतो. म्हणजे स्लिट लॅम्पच्या जोडीला केरॅटोमीटर आला, पुढे संगणकावर नंबर काढणारं यंत्र आलं. खोली तीच, दहा बाय बारा. रोग्याला तीन टेबलांवर फिरवायचं की एकाच टेबलावर यंत्रं फिरवायची? वाट चाचपडत आलेल्या म्हाताऱ्या माणसाला तीनदा उठवणं-बसवणं म्हणजे तीनदा पडायची भीती. म्हणून दोन यंत्रांचं टेबल आलं. रोगी बसलेलाच राहतो, वरची फळी रुळावर सरकते आणि दुसरं यंत्र समोर येतं.

हे करताना मला दोन गोष्टी नव्याने शिकाव्या लागल्या. पहिली तोलाची. फळी सरकली की वजन एका बाजूला जातं. मध्यापासून पायाच्या टोकापर्यंत १२ इंच धरले, तर तीन पायांच्या स्टँडमध्ये मध्य ते कलंडायची रेघ हे अंतर ६ इंच भरतं, चार पायांत साडेआठ, पाच पायांत जवळपास पावणेदहा. तिवई डुगडुगत नाही, पण कलंडते लवकर. पाच पाय कलंडत नाहीत, पण खडबडीत फरशीवर डुगडुगतात. म्हणून दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीसाठी पाच पाय, शिबिरासाठी तीन, आणि जुन्या वाड्यांतल्या शहाबादी फरशीवर चार पाय, पण प्रत्येकाखाली पाणसळ लावून फिरवायचा स्क्रू. एकच उत्तर सगळीकडे चालत नाही, हे कळायला मला वीस वर्षं लागली.

दुसरी गोष्ट भोकांची. प्रत्येक कंपनीच्या यंत्राचा पाया वेगळा, बोल्टांची अंतरं वेगळी. डॉक्टरांनी यंत्र बदललं की टेबल निकामी. मी भोकांऐवजी लांबट खाचा ठेवायला लागलो, वर एक बदलता पत्रा दिला. यंत्र बदललं तर तेवढा पत्रा बदलायचा. पंचवीस वर्षांपूर्वीचं माझं एक टेबल आज तिसरं यंत्र सांभाळतंय. ते पाहिलं की फार समाधान वाटतं.

*

आजचं टेबल बघायला खरंच सुंदर असतं. खांबात मोटार, पायाशी बटण, दाबलं की फळी आवाज न करता साधारण ६५ ते ९० सेंटिमीटरच्या मध्ये कुठेही थांबते. वरच्या आणि खालच्या टोकाला लिमिट स्विच असतो, त्यामुळे फळी ठरलेल्या हद्दीपलीकडे जात नाही. विद्युत वैद्यकीय उपकरणांच्या आंतरराष्ट्रीय मानकात नेहमीच्या वापरातलं उपकरण ५ अंशांच्या उतारावर कलंडता कामा नये, आणि हलवून नेताना १० अंशांवर, अशी कसोटी आहे. ती पहिल्यांदा वाचली त्या रात्री मी कागदावर आजीच्या टेबलाचा हिशेब मांडला. वीट साधारण साडेसात सेंटिमीटर जाडीची, पायांतलं अंतर दोन फुटांच्या आत-बाहेर. म्हणजे टेबल सात-आठ अंशांत कललं होतं. नेहमीच्या वापरासाठी आजच्या कसोटीत जेवढा उतार धरतात, त्याहून तो कल जास्त होता. त्याला सांभाळून होते ते कंपाउंडरचे दोन हात.

मग मी वरची फळीच कलणारी केली. पाया फरशीवर सपाट, फळीला मागे बिजागरी आणि बाजूला चंद्रकोरीसारखी पट्टी. रुळांवरचं यंत्र घसरू नये म्हणून त्याला अटकाव. पोक आलेल्या माणसाच्या चेहऱ्याला जो कोन असेल तो फळीने घ्यायचा. वीट जे करायची तेच, पण कुणाला दोन हातांनी यंत्र धरून उभं राहावं न लागता.

चाकाच्या खुर्चीचा माणूस पूर्वी माझ्या हिशेबातच नव्हता. त्याला नातेवाईक उचलून स्टुलावर ठेवायचे, आणि आम्हाला त्यात काही वावगं दिसायचं नाही, याची आज मला लाज वाटते. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने सेवा सुगम करणं हा हक्काचा भाग झाला. मधोमध खांब असला की खुर्चीची चाकं आणि पाय त्याला अडतात. म्हणून खांब बाजूला घेतला, पाया इंग्रजी सी अक्षरासारखा पसरट केला, फळीखाली सत्तर-पंचाहत्तर सेंटिमीटर मोकळं ठेवलं. खांब बाजूला गेला की तोल जातो, मग पायाच्या मागच्या भागात बिडाचं वजन भरावं लागतं. टेबल जड होतं, खर्च वाढतो. पण माणूस आपल्या खुर्चीत, आपल्या हाताने चाकं फिरवत पुढे येतो आणि हनुवटी टेकवतो. तो क्षण मी पाहिलाय, आणि त्यापुढे त्या बिडाच्या किमतीची चर्चा मला करवत नाही.

उंचीचा प्रश्न नुसत्या सोयीचा नाही, हेही उशिराच कळलं. काचबिंदूसाठी डोळ्यातला दाब मोजतात. गोल्डमन यांच्याच पद्धतीत ३.०६ मिलिमीटर व्यासाचं टोक डोळ्याच्या पडद्याला हलकेच टेकवतात. साधारण १० ते २१ हा आकडा ठीक मानला जातो. टेबल दूर किंवा नको त्या उंचीला असलं की माणूस मान ताणतो, पोट दाबलं जातं, नकळत श्वास रोखतो आणि आकडा वाढून येतो. म्हणजे लोहाराची चूक माणसाच्या केसपेपरवर रोग म्हणून उमटू शकते. हे समजल्यापासून मी प्रत्येक टेबल पोहोचवल्यावर आधी स्वतः त्याच्यासमोर बसतो, मग तिथल्या सर्वांत बुटक्या आणि सर्वांत जाड माणसाला बसवतो. दोघांनाही विचारतो, “श्वास घेता येतोय का?”

डॉक्टरांच्या पाठीचाही विचार आता होतो. आयुष्यभर वाकून बघितल्याने मान आणि कंबर गेलेले कितीतरी डॉक्टर मी पाहिलेत. गुडघ्यावर बसलेले ते डॉक्टर तरुण होते. रोज पन्नास रोग्यांसाठी तसं बसणं कुणाला जमणार? अरविंद नेत्रालयाचे संस्थापक डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांची बोटं तरुणपणीच संधिवाताने वाकडी झाली होती. त्या बोटांना जमतील अशी हत्यारं घडवून घेत त्यांनी हजारो शस्त्रक्रिया केल्या. हत्यार माणसाच्या हाताप्रमाणे बदलायचं, यात लाजण्यासारखं काही नाही. ती कारागिरीची खरी परीक्षा आहे.

तर मग आज सगळं चांगलं आणि तेव्हा सगळं वाईट? तसं मला म्हणता येत नाही. आजीसाठी टेबल वाकवलं ते एका माणसाने तिच्याकडे नीट पाहिलं म्हणून. तिची पाठ, मान, चेहऱ्याचा कोन, त्याने एका नजरेत मोजलं. तेव्हा स्टँडमध्ये काही बदलता येत नव्हतं, म्हणून माणसांना पाहावं लागत होतं. आज स्टँड सगळीकडे वळतो, आणि मी अशा खोल्या पाहिल्यात जिथे बटण हाताशी असूनही फळी सकाळी होती त्याच उंचीवर संध्याकाळपर्यंत राहते. रोगी येतात, आपापल्या परीने मान ताणतात, जातात. बाहेर साठ जणांची रांग असते, तपासणाऱ्याचा दोष काढवत नाही. पण मोटार खांबात बसवता येते, ती नजर बसवता येत नाही.

गेल्या हिवाळ्यात पैठण तालुक्यातल्या एका शाळेत शिबिर होतं. माझं मोटारीचं टेबल तिथे नेलं होतं, म्हणून मीही गेलो होतो. अकराच्या सुमारास वीज गेली. यंत्राच्या दिव्याला बॅटरी होती, टेबलाच्या मोटारीला नव्हती. फळी आधीच्या उंचपुऱ्या गड्याच्या मापावर अडकलेली, आणि पुढे उभी होती सहा-सात वर्षांची पोर, एका डोळ्यावर हात धरून. कुट्टी कापताना काडी लागली होती. तपासणारी ऑप्टोमेट्रिस्ट मुलगी पंचविशीची असेल. तिने बटण दोनदा दाबलं, मग टेबलाकडे बघणं सोडलं आणि पोरीकडे बघितलं, पायापासून डोक्यापर्यंत. “काका, इथं कुणाकडं पाट मिळंल का?” तिने मला विचारलं.

शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बाईंनी पाट आणून दिला. एक पुरला नाही, मग दुसरा. पोर दोन पाटांवर उभी राहिली, आईने मागून कमरेला धरलं, हनुवटी टेकली. तपासणाऱ्या मुलीने आपलं स्टूल सारलं आणि अर्धवट उभी राहून, पाठ वाकवून ती बघू लागली. मी शेजारी उभा होतो. पन्नास वर्षांपूर्वीचा तो दवाखाना, ती फरशी, ते डॉक्टर माझ्यासमोर जसेच्या तसे उभे राहिले. तिला हे कुणी शिकवलं नसेल. पाहिलं की सुचतं.

घरी आल्यावर मी दोन बदल केले. मोटारीच्या खाली चौकोनी आट्यांचा स्क्रू घेतला, चाचांनी कापला होता तसाच, आणि त्याला हाताने फिरवायचा दांडा दिला. वीज गेली की दांडा लावायचा आणि टेबल खाली आणायचं. दुसरा बदल लहान आहे. आता माझ्या प्रत्येक टेबलाखाली एक कप्पा असतो. त्यात तो दांडा, एक धुतलेलं पांढरं फडकं आणि सागवानाचे दोन ठोकळे असतात. ठोकळ्यांची जाडी साडेसात सेंटिमीटर. नवं टेबल घेणारे विचारतात, फळी सगळीकडे वळते तर हे कशाला? मी त्यांना स्टुलावर बसवतो, ठोकळे हातात देतो आणि आजीची गोष्ट सांगतो.